सहा महिने की बारा? : टेक्सासच्या बालविमा कायद्यातील एका पोटकलमाचा इतिहास

पाठभेद हा शब्द साहित्याच्या विद्यार्थ्याला नवा नाही. एका ओवीतील एक अक्षर बदलले की अर्थ कसा पालटतो, हे वर्गात समजावून सांगण्यात आपले तासच्या तास जातात. कायद्याच्या संहितेकडे मात्र आपण या नजरेने क्वचितच पाहतो. ती भाषा रूक्ष आणि क्लिष्ट असते, ती वकिलांनी वाचावी आणि आपण तिच्या वाटेस जाऊ नये, असा एक समज आपल्याकडे रुजलेला आहे. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका रूक्ष संहितेतील पाठभेदाचा विचार करणार आहोत. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या बालआरोग्य विम्याच्या कायद्यात १९९९ साली 'बारा महिने' होते, २००३ साली तेथे 'सहा महिने' आले आणि २००७ साली पुन्हा 'बारा महिने' झाले. या दोन बदलांच्या मधल्या चार वर्षांत विमा असलेल्या मुलांची संख्या पाच लाखांहून तीन लाखांच्या आसपास उतरली. त्या मुलांपैकी पुष्कळांचे आईबाप तेव्हाही पूर्वीइतकेच गरीब होते, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती मुले पात्रच होती. पात्र असूनही ती यादीबाहेर कशी गेली, हा आमच्या कुतूहलाचा विषय आहे.

त्यासाठी थोडे मागे जावे लागते. अमेरिकेत सर्वांसाठी सरकारी आरोग्यविमा कधीच नव्हता आणि आजही नाही. ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअर व मेडिकेड या दोन योजनांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. मेडिकेअर वृद्धांसाठी, मेडिकेड गरिबांसाठी. पहिली संपूर्णपणे केंद्राची. दुसरी केंद्र आणि राज्य यांच्या भागीदारीतली, म्हणून राज्यागणिक वेगळी. जॉन्सन स्वतः टेक्सासचे. तरुणपणी त्यांनी कोटुला नावाच्या गावात मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांच्या शाळेत शिक्षकाची नोकरी केली होती, ही गोष्ट शिक्षकी पेशातल्या वाचकांना सांगण्याजोगी आहे. परंतु मेडिकेडच्या मूळ रचनेत मुलाला स्वतंत्र अस्तित्व नव्हते. ज्या कुटुंबाला सरकारी निर्वाहसाहाय्य मिळते, त्या कुटुंबातील मूल म्हणून त्याला विमा मिळे. आईने नोकरी धरली आणि साहाय्य बंद झाले, की मुलाचा विमाही जाई. गरिबाच्या मुलाने आजारी पडायचे, तर घरात कोणाला काम नसताना पडावे, असा तो न्याय होता.

हे जोखड १९८४ ते १९९० या काळात टप्प्याटप्प्याने सैल झाले. हेन्री वॅक्समन या कॅलिफोर्नियाच्या प्रतिनिधीने दरवर्षीच्या अर्थसंकल्पी विधेयकांत एकेक कलम घालून हे काम केले. मोठी भाषणे नाहीत, मोठ्या घोषणा नाहीत. एका वर्षी तान्ही मुले, पुढल्या वर्षी सहा वर्षांखालची मुले. १९९० च्या कायद्यातील कलम तर फार विलक्षण आहे. दारिद्र्यरेषेखालील सहा वर्षांवरच्या मुलांना विमा द्यायचा, परंतु ज्यांचा जन्म ३० सप्टेंबर १९८३ नंतर झाला आहे त्यांनाच. म्हणजे दरवर्षी एकेक इयत्ता पुढे सरकत जावी तशी ही मुले वाढत जाणार आणि २००२ साली एकोणीस वर्षांखालचे प्रत्येक गरीब मूल योजनेत येणार. सगळा खर्च एकदम अंगावर पडू नये म्हणून काढलेली ही युक्ती होती. तिचा परिणाम असा, की एकाच घरात धाकट्या बहिणीला विमा आणि सप्टेंबरात जन्मलेल्या थोरल्या भावाला नाही, असे चित्र दिसू लागले. शिवाय वयानुसार उत्पन्नाची मर्यादाही वेगळी. सहा वर्षांखाली दारिद्र्यरेषेच्या १३३ टक्के, त्यावर १०० टक्के. तेव्हा सहावा वाढदिवस हा काही घरांत विमा संपण्याचा दिवस ठरे.

याच सुमारास काही राज्यांनी आपापल्या वाटा शोधल्या. मिनेसोटाने १९८७ साली आणि न्यू यॉर्कने १९९० साली मुलांसाठी स्वतंत्र योजनांचे कायदे केले. पेनसिल्व्हेनियाची हकीकत अधिक बोलकी आहे. पिट्सबर्गच्या परिसरात पोलादाचे कारखाने बंद पडले आणि नोकरीबरोबर हजारो कुटुंबांचा विमाही गेला. अमेरिकेत विमा नोकरीला बांधलेला असतो, ही गोष्ट आपल्याकडील वाचकाने या ठिकाणी ध्यानात घ्यावी. १९८५ साली तेथील काही धर्मोपदेशक व ब्लू क्रॉस ही विमासंस्था यांनी वर्गणी जमवून बेकारांच्या मुलांचा विमा उतरवण्यास प्रारंभ केला. या धर्मादाय कामाला १९९२ साली गव्हर्नर रॉबर्ट केसी यांच्या कारकिर्दीत कायद्याचे रूप मिळाले आणि त्याचा खर्च सिगारेटवरील करातून भागवला गेला. फ्लोरिडाने आणखी वेगळा विचार केला. नोकरदारांचा गट धरून जसा विमा उतरवतात, तसा शाळेच्या पटावरील मुलांचा गट धरून का उतरवू नये, असा प्रस्ताव स्टीव्ह फ्रीडमन यांनी १९८८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात मांडला होता. १९९० साली राज्याने तो कायद्याने स्वीकारला. शाळेचा हजेरीपट हा विम्याचा आधार व्हावा, ही कल्पना आम्हांला तरी मोहक वाटते. मॅसॅच्युसेट्समध्ये १९९६ साली सिगारेटच्या पाकिटामागे २५ सेंट वाढीव कर लावून मुलांचा विमा विस्तारण्याचे विधेयक आले, गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी त्यावर नकाराधिकार वापरला आणि विधिमंडळाने तो मोडून काढला.

मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी हीच कल्पना वॉशिंग्टनला नेली. क्लिंटन यांची सार्वत्रिक विम्याची योजना १९९४ साली कोसळली होती; तिच्या ढिगाऱ्यातून निदान मुलांना तरी बाहेर काढावे, अशी भावना तेव्हा होती. युटाचे ऑरिन हॅच हे विरुद्ध पक्षाचे आणि विचाराने पक्के पुराणमतवादी गृहस्थ केनेडींचे भागीदार झाले. ५ ऑगस्ट १९९७ रोजी राज्य बालआरोग्य विमा कार्यक्रमाचा कायदा अस्तित्वात आला. मेडिकेडसाठी ज्यांचे उत्पन्न थोडे जास्त आणि खाजगी विम्यासाठी फार कमी, अशा घरांतील मुलांसाठी दहा वर्षांकरिता सुमारे ४० अब्ज डॉलरांची तरतूद झाली. फ्लोरिडा, न्यू यॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया या तिन्ही राज्यांच्या जुन्या योजनांना कायद्यातच मान्यता मिळाली.

या केंद्रीय कायद्यातील एक शब्द महत्त्वाचा आहे, तो म्हणजे 'हक्क'. आणि तो महत्त्वाचा आहे तो नकारार्थी वाक्यात आल्यामुळे. मेडिकेडमध्ये पात्र व्यक्तीला विम्याचा हक्क असतो. पैसे संपले म्हणून राज्याला तिला परत पाठवता येत नाही. नव्या कायद्याने मात्र या कार्यक्रमातून कोणाही व्यक्तीला असा हक्क प्राप्त होणार नाही, असे स्पष्ट लिहून ठेवले. हा तडजोडीचा भाग होता. राज्यांना ठरावीक रक्कम मिळणार, योजनेचा आकार राज्यांनी ठरवायचा, आणि उत्पन्नाची मर्यादा, हप्ता, प्रतीक्षाकाळ, विम्याची मुदत या गोष्टी प्रत्येक विधिमंडळाच्या हाती राहणार. पुढे टेक्सासमध्ये जे घडले ते या नकारार्थी वाक्याच्या बळावर घडले. जेथे हक्क आहे तेथे अर्थसंकल्पाची कात्री सहज चालत नाही, जेथे नाही तेथे ती प्रथम चालते.

टेक्सासचे विधिमंडळ हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. ते दर दोन वर्षांनी, विषम सालीच भरते आणि नियमित अधिवेशन १४० दिवसांत संपवावे लागते. जानेवारीत सुरुवात, मेअखेर वा जूनच्या आरंभी समाप्ती. केंद्राचा कायदा ऑगस्ट १९९७ मध्ये झाला तेव्हा सदस्य घरी परतले होते. परिणामी देशातील एक अतिशय मोठे राज्य, विमा नसलेल्या मुलांची प्रचंड संख्या, केंद्राचा पैसा तयार, तरी मुख्य कायद्याला १९९९ उजाडावे लागले. मधल्या काळात काही वाढत्या वयाच्या मुलांपुरता मेडिकेडचा विस्तार झाला, एवढेच. पुढेही हे वेळापत्रक वाचकांनी मनाशी धरावे. कारण अशा विधिमंडळात झालेली चूक सुधारायची म्हटली तरी दोन वर्षे थांबावे लागते, आणि दोन वर्षे हा काळ आमदाराच्या आयुष्यात अल्प असला तरी तीन वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात फार मोठा असतो.

१९९९ च्या अधिवेशनात सिनेट विधेयक ४४५ संमत झाले. गव्हर्नर होते जॉर्ज डब्ल्यू. बुश. उत्पन्नाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या दीडपट असावी, असे त्यांचे म्हणणे होते. डेमोक्रॅटिक सदस्यांनी दुपटीचा आग्रह धरला आणि अखेर दुप्पट मान्य झाली. त्याच कायद्यात विम्याची मुदत ठरली ती बारा महिने. एकदा मूल पात्र ठरले की वर्षभर ते पात्रच राहील. मध्येच वडिलांना जादा तास काम मिळाले आणि दोन महिने पगार वाढला, तरी विमा तुटणार नाही. या तत्त्वाला 'निरंतर पात्रता' असे नाव आहे. अर्ज लहान होता व तो टपालाने पाठवता येत असे. मौज अशी की त्याहून गरीब मुलांच्या मेडिकेडसाठी मात्र पालकांना कचेरीत समक्ष मुलाखतीला जावे लागे. जितकी गरिबी अधिक तितके हेलपाटे अधिक. ही विसंगती २००१ च्या कायद्याने बऱ्याच अंशी दूर केली. २००० सालच्या वसंतात विमा सुरू झाला आणि दोन वर्षांत नोंद पाच लाखांच्या पलीकडे गेली.

मग २००३ साल आले. शेअरबाजार घसरला होता, करांचे उत्पन्न रोडावले होते. राज्याच्या नियंत्रक कॅरोल कीटन स्ट्रेहॉर्न यांनी जानेवारीत ९.९ अब्ज डॉलरांची तूट जाहीर केली. शतकाहून अधिक काळानंतर कनिष्ठ सभागृहात रिपब्लिकन पक्षाचे बहुमत झाले होते, गव्हर्नर रिक पेरी यांनी नवे कर न लावण्याचा निर्धार केला होता. म्हणजे तूट खर्चातूनच भरून काढायची. ते अधिवेशन लोकांच्या स्मरणात राहिले ते भलत्याच कारणाने. मतदारसंघांच्या फेररचनेला विरोध म्हणून पन्नासाहून अधिक डेमोक्रॅटिक सदस्य मे महिन्यात शेजारच्या ओक्लाहोमा राज्यातील आर्डमोर गावी निघून गेले आणि वृत्तपत्रांची पाने त्या पलायनाने भरली. मुलांच्या विम्याचे विधेयक त्या मानाने नीरस होते. कनिष्ठ सभागृह विधेयक २२९२, प्रतिनिधी आर्लीन वोल्गमथ यांनी मांडलेले. त्याचा मुख्य विषय होता राज्याच्या बारा आरोग्य व समाजकल्याण संस्थांचे पाचांत एकत्रीकरण. शेकडो पानांच्या त्या मसुद्यात बालविम्याची कलमे कुठेतरी मध्ये होती.

बदल अनेक होते. दातांची तपासणी, चष्मा आणि मानसोपचाराचे लाभ काढून टाकले वा तोडले. हप्ते वाढवले. नव्या मुलाला अर्ज मंजूर झाल्यावरही नव्वद दिवस थांबण्याची अट आली. दारिद्र्यरेषेच्या दीडपटीहून अधिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना मत्तेची चाचणी लागू झाली. बँकेतील शिल्लक आणि ठरावीक किमतीवरील मोटारगाडी हिशेबात धरली जाऊ लागली. टेक्सासमध्ये मोटारीवाचून कामावर जाता येत नाही, ही गोष्ट तेथील आमदारांना ठाऊक नसेल असे म्हणवत नाही. उत्पन्नाची मर्यादा मात्र कोणी हलवली नाही. ती दुप्पटच राहिली. चौघांच्या कुटुंबाला २००३ साली वर्षाला ३६,८०० डॉलर. 'आम्ही एकाही पात्र मुलाची पात्रता कमी केलेली नाही', असा बचाव करायला जागा ठेवणारी ही रचना होती.

आणि निरंतर पात्रतेची मुदत सहा महिन्यांवर आली. या पोटकलमाचा शब्दप्रयोग आम्ही पुन्हा पुन्हा वाचला. वरच्या वाक्यात 'बारा महिन्यांहून अधिक नाही असा काळ' हे शब्द तसेच आहेत. खालच्या वाक्यात म्हटले आहे, की हा काळ कायदा संमत झाल्यापासून सहा महिन्यांचा ठेवता येईल आणि १ सप्टेंबर २००५ रोजी ही व्यवस्था संपून बारा महिने पुन्हा स्थापित होतील. संहितेनेच स्वतःला परतीची तारीख दिली होती. तूट तात्पुरती, म्हणून कपातही तात्पुरती, असा तिचा भाव होता. प्रत्यक्षात २००५ चे अधिवेशन आले आणि गेले, १ सप्टेंबरही उलटला. सहा महिने कायम राहिले. भविष्यकाळी क्रियापद कायद्यात आले म्हणून भविष्य बांधले जात नाही, हे पाहायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

मुदत कमी केल्याने पैसे कसे वाचतात? मुलाच्या उपचाराचा महिन्याचा खर्च तर तोच राहतो. बचत होते ती नोंदलेल्या मुलांची संख्या घटल्याने, आणि संख्या घटते ती नूतनीकरणाच्या वेळी काही कुटुंबे गळाल्याने. वर्षातून एकदा चाळण लावण्याऐवजी दोनदा लावली तर गळती दुप्पट. अर्थसंकल्पात जी बचत दाखवली होती ती या गळतीच्या अंदाजावरच आधारलेली होती. म्हणून गळती हा योजनेचा दोष होता असे आम्हांला म्हणता येत नाही. हिशेबवहीत ती जमेच्या बाजूला लिहिलेली होती. समर्थकांचीही एक बाजू होती आणि ती सांगितली पाहिजे. उत्पन्न वाढलेल्या कुटुंबाने वर्षभर सरकारी विमा का घ्यावा, करदात्याला वर्षातून दोनदा खात्री करून घेण्याचा अधिकार नाही काय, असे ते विचारत. प्रश्न सरळ आहे. पण यादीबाहेर गेलेल्यांत उत्पन्न वाढले म्हणून गेलेल्यांपेक्षा कागद वेळेत पोहोचले नाहीत म्हणून गेलेल्यांची संख्या मोठी होती.

कागद म्हणजे काय, हे आपल्याकडे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीची पायरी चढलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. ताशी मजुरीवर काम करणाऱ्या बाईच्या चार पगारचिठ्ठ्या चार वेगवेगळ्या रकमांच्या असतात. कोणता आठवडा खरा धरायचा? तिने दोन ठिकाणी काम केले तर दोन मालकांची पत्रे हवीत. भाड्याचे घर बदलले की नूतनीकरणाचे पाकीट जुन्या पत्त्यावर जाते. त्यात टेक्सासमधील या मुलांपैकी फार मोठा भाग स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतला. दर सहा महिन्यांनी येणाऱ्या या पाकिटाला उत्तर न देणे म्हणजे विमा नको असे सांगणे, असा अर्थ राज्याने लावला. मौनाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न समीक्षेच्या तासाला आपण आवडीने चर्चितो. येथे तो अधिकार एका संगणकाकडे होता.

त्यात २००५ साली आणखी भर पडली. पात्रता ठरवण्याचे काम खाजगी कंपन्यांकडे सोपवावे, असा निर्णय झाला आणि अ‍ॅक्सेंचर या कंपनीच्या नेतृत्वाखालील समूहाला सुमारे ९० कोटी डॉलरांचे कंत्राट मिळाले. सरकारी कचेऱ्यांतील अनुभवी कारकुनांच्या जागी दूरध्वनी केंद्रे आली. त्या वर्षाच्या अखेरीस बालविम्याचे काम नव्या यंत्रणेकडे गेले आणि अर्ज गहाळ होणे, दिलेलाच कागद पुन्हा मागणे, तासन्‌तास फोन न लागणे अशा तक्रारींचा पूर लोटला. २००६ च्या शरद ऋतूत नियंत्रक स्ट्रेहॉर्न यांनी या कंत्राटावर जळजळीत अहवाल काढला (त्या वेळी त्या गव्हर्नरपदासाठी पेरी यांच्याविरुद्ध उभ्याही होत्या, हे विसरू नये). मार्च २००७ मध्ये कंत्राट गुंडाळले गेले. सप्टेंबर २००३ मध्ये पाच लाख सात हजारांवर असलेली मुलांची नोंद तोवर तीन लाखांच्या आसपास आली होती. केंद्र या कार्यक्रमातील दर शंभर डॉलरांपैकी सुमारे ७२ डॉलर देत असे. म्हणजे राज्याने आपले २८ डॉलर वाचवताना केंद्राचे ७२ नाकारले. न वापरलेला हिस्सा नियमाप्रमाणे इतर राज्यांना वाटला गेला.

विमा गेला म्हणून मूल आजारी पडायचे थांबत नाही. ही मुले डॅलसच्या पार्कलँड, ह्यूस्टनच्या बेन टॉब अशा सार्वजनिक रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागात येत राहिली. ही रुग्णालये स्थानिक मालमत्ता करावर चालतात. राज्याच्या अर्थसंकल्पातून उतरलेला बोजा असा घरपट्टीवर चढला, आणि गरिबांच्या मुलांचा प्रश्न एरवी ज्यांनी मनावर घेतला नसता अशी मंडळीही, म्हणजे काउंटीचे अधिकारी, बालरुग्णालये, डॉक्टरांच्या संघटना, २००५ नंतर बारा महिन्यांच्या बाजूने उभी राहिली. करुणेपेक्षा घरपट्टीचा युक्तिवाद अधिक चालला, असे आमचे मत झाले आहे.

तरीही २००७ च्या अधिवेशनाला एक मृत्यू घेरून होता. ह्यूस्टनमधील चौदा वर्षांचा एक मुलगा मूत्रपिंडाच्या कर्करोगाने आजारी होता. त्याचा विमा मेडिकेडचा. तेथे मुदत सहा महिन्यांचीच होती. आईने नूतनीकरणाचे कागद पाठवले होते, ते यंत्रणेत अडकले आणि जवळजवळ चार महिने तो विम्याविना राहिला. स्थानिक आमदाराने हस्तक्षेप केल्यावर विमा परत मिळाला. मार्च २००७ मध्ये, अधिवेशन चालू असताना, तो मुलगा वारला. विमा तुटला नसता तर तो वाचला असता काय, हे वैद्यकाने सांगायचे. आम्ही ते सांगू धजत नाही. पण अर्थसंकल्पात 'गळती' या एका आकड्यात जे बसवले होते, त्याला एक चेहरा मिळाला. एरवी कायद्याच्या संहितेत चेहरा नसतो. चर्चेच्या इतिवृत्तात मात्र कधीतरी तो येतो, आणि म्हणून आम्हांला कायद्याइतकेच त्याच्या इतिवृत्ताचे महत्त्व वाटते.

तो हस्तक्षेप करणारे आमदार म्हणजे सिल्व्हेस्टर टर्नर. पुढे ते ह्यूस्टनचे महापौर झाले, २०२५ साली काँग्रेसचे सदस्य असताना वारले. २००३ पासून ते बारा महिन्यांसाठी झगडत होते. त्यांचे कनिष्ठ सभागृह विधेयक १०९ दोन्ही सभागृहांत संमत झाले आणि पेरी यांनी जूनमध्ये त्यावर स्वाक्षरी केली. १ सप्टेंबर २००७ पासून बारा महिने परत आले. दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्क्यांवरील कुटुंबांची सहा महिन्यांनी उत्पन्नतपासणी मात्र शिल्लक ठेवली गेली. तडजोडीचा तो अवशेष होता. मत्तेच्या मर्यादा वाढल्या, आधीच विमा नसलेल्या मुलांचा प्रतीक्षाकाळ गेला. उत्पन्नमर्यादा पूर्वी होती तीच. तरीही वर्षभरात नोंद साडेचार लाखांच्या आसपास पोहोचली. ही मुले सहा महिन्यांच्या काळातही राज्यातच होती.

त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये उलटा प्रवास चालला होता. अध्यक्ष बुश यांनी केंद्रीय बालविम्याच्या विस्ताराचे विधेयक ३ ऑक्टोबर आणि १२ डिसेंबर २००७ असे दोनदा नाकारले. त्यांपैकी पहिला नकाराधिकार मोडण्याचा प्रयत्न प्रतिनिधिगृहात २७३ विरुद्ध १५६ मतांनी, म्हणजे दोनतृतीयांशाला थोडक्यात उणा पडला. फेब्रुवारी २००७ मध्ये मेरीलँड राज्यात बारा वर्षांचा एक मुलगा किडलेल्या दाढेचा संसर्ग मेंदूत पोहोचून दगावला होता. त्याच्याही घरचे मेडिकेड मधल्या काळात तुटले होते. ४ फेब्रुवारी २००९ रोजी ओबामा यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्यात दंतसेवा या कार्यक्रमात सक्तीची झाली. टेक्सासने २००३ साली काढलेली दंतसेवा त्याआधी, २००६ साली, परत आणली होती.

त्यापुढची हकीकत थोडक्यात सांगता येते. केंद्राची तरतूद ३० सप्टेंबर २०१७ रोजी नूतनीकरणाविना संपली आणि जानेवारी २०१८ पर्यंत राज्ये शिलकीवर चालली. आईबापांकडून वेळेवर कागद मागणारी व्यवस्था स्वतःचे नूतनीकरण विसरली, हा विनोद कोणी मुद्दाम रचला नव्हता. टेक्सासच्या मेडिकेडमधील मुलांसाठी सहा सहा महिन्यांचे दोन सलग काळ देण्याचा कायदा २०२१ साली झाला. महासाथीच्या काळात कोणाचेही मेडिकेड तोडायचे नाही, असा केंद्राचा नियम होता. तो एप्रिल २०२३ पासून उठला, आणि मुलांची संख्या सर्वाधिक घटलेल्या राज्यांत टेक्सास होते. त्याही वेळी पुष्कळांची नावे गेली ती कागदपत्रांच्या कारणाने. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने केलेल्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२४ पासून एकोणीस वर्षांखालील प्रत्येक मुलाला मेडिकेड व बालविमा या दोन्हींत बारा महिन्यांची निरंतर पात्रता देणे सर्व राज्यांवर बंधनकारक झाले. ऑरेगनसारखी काही राज्ये त्याही पुढे गेली होती. मूल जन्मल्यापासून सहावा वाढदिवस येईपर्यंत एकदाच पात्रता पाहायची, अशी परवानगी त्यांनी मिळवली होती. अशा बहुवार्षिक परवानग्या यापुढे नव्याने दिल्या जाणार नाहीत व जुन्या वाढवल्या जाणार नाहीत, असे पत्र केंद्राच्या संबंधित खात्याने जुलै २०२५ मध्ये राज्यांना पाठवले. बारा महिन्यांचे कलम त्या पत्राने हललेले नाही. बालविम्याची केंद्रीय तरतूद सध्या ३० सप्टेंबर २०२९ पर्यंत आहे.